दोन टोकांचा करार

संगणकांना जोडणाऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना बोलण्याचा वेग आणि बोलण्याची रीत आधी ठरवून घ्यावी लागते. ती कशी ठरते, ती जुळली नाही तर काय घडते आणि ती कशी जुळवावी, हे या पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एका शाळेच्या संगणक कक्षाची कल्पना करा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा आज शेवटचा दिवस आहे. कक्षात 20 संगणक आहेत. 19 संगणकांवरून अर्ज भराभर जात आहेत. विसाव्या संगणकासमोर बसलेल्या मुलीचा अर्ज मात्र पुढे सरकत नाही. थोडासा मजकूर जातो. पण छायाचित्र आणि उत्पन्नाचा दाखला पाठवू लागताच सारे अडते. संगणकाच्या मागे तार पक्की बसली आहे. तिच्याजवळचा हिरवा दिवाही लागलेला आहे. मग अडते कोठे? कोणी म्हणतो, ‘संगणक जुना झाला.’ कोणी म्हणतो, ‘व्हायरस शिरला असेल.’ एखादा तर म्हणून जातो, ‘हिलाच चालवता येत नाही.’

यांपैकी एकही गोष्ट खरी नसेल. संगणक चांगला असेल, तार चांगली असेल, मुलगीही हुशार असेल. तरीही काम अडू शकते. कारण तारेच्या दोन टोकांचे एकमेकांशी जमलेले नसते. हे ‘जमणे’ म्हणजे काय, ते आज आपण समजून घेऊ.

संगणक कक्षाच्या कोपऱ्यात तुम्ही एक चपटी पेटी पाहिली असेल. तिच्या पुढच्या बाजूला 8, 16 किंवा 24 चौकोनी भोके ओळीने असतात. प्रत्येक संगणकापासून निघालेली तार यांतील एकेका भोकात बसवलेली असते. या पेटीला ‘स्विच’ म्हणतात आणि भोकाला ‘पोर्ट’ म्हणतात. विजेच्या बटणालाही आपण स्विच म्हणतो. पण हा स्विच निराळा. याचे काम टपाल कचेरीत पत्रे निवडणाऱ्या माणसासारखे आहे. संगणक आपला मजकूर लहान लहान भागांत पाठवतो. अशा एका भागाला ‘फ्रेम’ असे नाव आहे. आपण त्याला सोयीसाठी पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. स्विच तो पत्ता वाचतो आणि नेमक्या पोर्टातून पाकीट पुढे पाठवतो. साधे पाकीट लहानात लहान 64 बाइटचे आणि मोठ्यात मोठे 1518 बाइटचे असते.

संगणक जोडण्याच्या या पद्धतीला ‘ईथरनेट’ म्हणतात. तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी 1973 मध्ये मांडली. ते तेव्हा अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत होते. डेव्हिड बॉग्ज हे त्यांचे सहकारी होते. प्रकाश ज्या अदृश्य माध्यमातून प्रवास करतो असे पूर्वीचे शास्त्रज्ञ मानत, त्या माध्यमाचे नाव ‘ईथर’. त्यावरून ‘ईथरनेट’ हे नाव पडले. उर्दूतील ‘असीर’ हा शब्द अरबीतून आला आहे. तोही मुळात ‘ईथर’ या ग्रीक शब्दापासूनच झालेला आहे. तसे माध्यम नाही, हे पुढे शास्त्राने दाखवून दिले. पण नाव मात्र राहिले.

आरंभीच्या ईथरनेटमध्ये एकच जाड तार असे आणि सारे संगणक तिलाच जोडलेले असत. एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा नियम होता. बोलण्यापूर्वी प्रत्येकाने कानोसा घ्यायचा. तार मोकळी असली तरच बोलायचे. तरीही कधी कधी दोघे एकाच क्षणी बोलू लागत आणि त्यांच्या पाकिटांची टक्कर होई. टक्कर झाली की दोघांनीही थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.

येथे एक अडचण आहे. लखनौच्या दोन नबाबांचा विनोद तुम्ही ऐकला असेल. ‘पहले आप, पहले आप’ म्हणता म्हणता त्यांची गाडी निघून गेली. दोघेही सारखेच वागले, म्हणून दोघेही अडले. टक्कर झालेले दोन संगणक सारखाच वेळ थांबले, तर तेही पुन्हा एकाच क्षणी बोलू लागतील आणि पुन्हा टक्कर होईल. म्हणून किती वेळ थांबायचे, हे प्रत्येकाने चिठ्ठी काढावी तसे ठरवायचे. एकाची चिठ्ठी लहान निघाली की तो आधी बोलतो. पुन्हा टक्कर झाली, तर चिठ्ठ्यांची संख्या वाढवायची. अशा 16 प्रयत्नांनंतरही यश आले नाही, तर ते पाकीट सोडून द्यायचे.

आळीपाळीने बोलण्याच्या या रीतीला ‘हाफ डुप्लेक्स’ म्हणतात. पोलिसांचा बिनतारी संच तुम्ही पाहिला असेल. एक जण बोलतो, ‘ओव्हर’ म्हणतो आणि मगच दुसरा बोलतो. ही हाफ डुप्लेक्सची रीत झाली. याउलट टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येते आणि ऐकताही येते. या रीतीला ‘फुल डुप्लेक्स’ म्हणतात.

ईथरनेटला फुल डुप्लेक्सची रीत शक्य झाली ती स्विचमुळे. अनेक पोर्टांचा पहिला ईथरनेट स्विच 1990 मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने बाजारात आणला. त्या कंपनीचे नाव ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. ते होते ‘कल्पना’! भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. पुढे 1994 मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. स्विचमुळे प्रत्येक संगणकाला स्वतःची स्वतंत्र तार मिळाली. तारेच्या आत तांब्याच्या बारीक तारांच्या जोड्या असतात. एका जोडीने पाठवायचे आणि दुसरीने घ्यायचे, असे करता येऊ लागले. जाण्याचा मार्ग वेगळा आणि येण्याचा वेगळा झाल्यावर टक्कर कशी होणार? मग कानोसा घेण्याचीही गरज उरली नाही. फुल डुप्लेक्सचे मानक 1997 मध्ये ठरले.

रीतीप्रमाणेच दुसरी गोष्ट म्हणजे वेग. 1983 च्या मानकात हा वेग सेकंदाला 10 मेगाबिट होता. 1995 मध्ये 100 मेगाबिटचे आणि 1999 मध्ये तांब्याच्या साध्या तारेवरून 1000 मेगाबिटचे मानक आले. या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. एका धड्याची चित्रफीत 500 मेगाबाइटची आहे. एका बाइटमध्ये 8 बिट असतात. म्हणजे ती 4000 मेगाबिटची झाली. 10 मेगाबिटच्या वेगाने ती जाण्यास निदान 400 सेकंद, म्हणजे 6 मिनिटे 40 सेकंद लागतील. 100 मेगाबिटच्या वेगाने 40 सेकंद लागतील आणि 1000 मेगाबिटच्या वेगाने अवघे 4 सेकंद.

आता प्रश्न असा की, दोन टोकांनी कोणत्या वेगाने आणि कोणत्या रीतीने बोलायचे, हे ठरवतो कोण? बहुतेक वेळा ती दोन टोके स्वतःच ठरवतात. तार जोडताच प्रत्येक टोक विजेच्या अगदी लहान ठोक्यांचे इशारे पाठवू लागते. त्या इशाऱ्यांतून ते सांगते, ‘मला 10 आणि 100 चा वेग जमतो. हाफ डुप्लेक्स जमते, फुल डुप्लेक्सही जमते.’ समोरचे टोकही आपली माहिती सांगते. दोघांनाही जमणाऱ्या गोष्टींपैकी जी सर्वांत चांगली, ती निवडली जाते. हे सारे काही क्षणांत होते. या बोलण्यांना ‘ऑटो निगोशिएशन’ म्हणजे आपोआप होणारा करार असे म्हणता येईल. बोलचालीत नुसते ‘ऑटो’ म्हणतात.

पण माणसाला हा करार बाजूला सारून आपल्या हाताने वेग आणि रीत पक्की करता येते. समजा, आपल्या विसाव्या संगणकावर पूर्वी कोणीतरी ‘100 मेगाबिट, फुल डुप्लेक्स’ असे पक्के केले. हेतू चांगलाच होता. सर्वांत उत्तम रीत निवडली की संगणक जलद चालेल, असे त्याला वाटले. स्विचचा पोर्ट मात्र ‘ऑटो’वरच राहिला. पाहू या काय होते ते.

हाताने पक्के केलेले टोक बहुधा इशारे पाठवणेच बंद करते. करार करायचाच नाही, तर बोलणी कशाला? स्विच मात्र बोलणी सुरू करतो आणि जबाबाची वाट पाहतो. जबाब येत नाही. तेव्हा तो तारेवरील विद्युतसंकेत पारखतो. 10 चे संकेत वेगळे आणि 100 चे वेगळे असतात. त्यामुळे वेग त्याला बरोबर ओळखता येतो. पण समोरचा हाफ डुप्लेक्स आहे की फुल, हे त्या संकेतांवरून कळत नाही. अशा वेळी काय करावे, हे मानकात स्पष्ट सांगितलेले आहे. रीत ठाऊक नसेल, तर हाफ डुप्लेक्स धरून चालावे. स्विच नियमाप्रमाणे तसेच करतो.

आता एका टोकाला फुल डुप्लेक्स आणि दुसऱ्या टोकाला हाफ डुप्लेक्स झाले. नदीवरच्या एका पुलाचा विचार करा. एका बाजूच्या गाडीवानाला वाटते, पूल एकेरी आहे. तो थांबतो, समोर पाहतो आणि मगच गाडी घालतो. दुसऱ्या बाजूच्या गाडीवानाला वाटते, पूल दुहेरी आहे. तो न पाहता सरळ गाडी हाकतो. पहिला अर्ध्या पुलावर असतो, तोच दुसरा समोरून येतो. पहिल्याला वाटते, अपघात झाला. तो आपले काम तेथेच सोडून देतो. दुसऱ्याला काही घडल्याची खबरही नसते.

स्विचचे नेमके असेच होते. तो पाकीट पाठवत असताना संगणकाचे पाकीट येऊ लागते. स्विचच्या समजुतीप्रमाणे ही टक्कर असते. तो आपले पाकीट मध्येच तोडतो. संगणकाला ते अर्धवट, बिघडलेले पाकीट मिळते आणि तो ते टाकून देतो. संगणकाचे पाकीटही स्विचकडून वाया जाते. पाकिटाचे पहिले 64 बाइट जाण्याच्या आत टक्कर झाली, तर स्विच लगेच पुन्हा प्रयत्न करतो. त्यानंतर टक्कर झाली, तर तिला ‘उशिरा झालेली टक्कर’ म्हणतात आणि ते पाकीट तो साधारणपणे पुन्हा पाठवत नाही. मग संगणकातील दुसऱ्या कार्यक्रमाला ही चूक लक्षात घेऊन मजकूर पुन्हा पाठवावा लागतो. त्यासाठी तो आधी काही वेळ वाट पाहतो. 100 मेगाबिटच्या वेगाने मोठ्यात मोठे पाकीट पाठवण्यास सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भाग लागतो. वाट पाहण्यात मात्र सेकंदाचा पाचवा भाग किंवा अधिकही जातो. अशा वाट पाहण्यातच सारा वेळ निघून जातो.

या दोषाची खोड अशी की, तो सहज दिसत नाही. दोन टोकांचा वेगच जुळला नाही, एकीकडे 10 आणि दुसरीकडे 100 असे हाताने पक्के केले, तर जोडणीच होत नाही. दिवा लागत नाही आणि दोष लगेच ध्यानात येतो. रीत जुळली नाही, तर दिवा लागतो, थोडा मजकूर नीट जातो, तपासणीसाठी पाठवलेली छोटी पाकिटेही परत येतात. दोन्हीकडून मोठा मजकूर जाऊ-येऊ लागला की मगच टक्करी वाढतात. म्हणूनच त्या मुलीचे नाव आणि पत्ता गेला. पण छायाचित्र अडले.

मग हा दोष ओळखावा कसा? स्विच दोन प्रकारचे असतात. साधा स्विच नेहमी ‘ऑटो’वरच असतो; त्यात काहीच बदलता येत नाही. तेथे संगणकाचीच मांडणी तपासावी. विंडोज असलेल्या संगणकात डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचे गुणधर्म उघडले की ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ अशी ओळ सापडते. तिच्यापुढे ‘ऑटो निगोशिएशन’ असावे. आपल्या विसाव्या संगणकाला एवढाच उपाय पुरेसा आहे.

दुसऱ्या प्रकारच्या स्विचला आज्ञा देता येतात. त्या रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे समजण्यासाठी नागरीत दिल्या आहेत. सिस्कोच्या अनेक स्विचांत ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ अशी आज्ञा दिली की प्रत्येक पोर्टाची स्थिती दिसते. तेथे ‘ए-फुल’ आणि ‘ए-100’ असे दिसले, तर रीत आणि वेग आपोआप ठरले, असा अर्थ होतो. ‘ए-हाफ’ आणि ‘ए-100’ असे दिसले, तर संशय घ्यावा. समोरच्या टोकाने बोलणी केली नसावीत. त्याच पोर्टावर उशिरा झालेल्या टक्करींचा आकडा वाढत असेल आणि दुसऱ्या टोकाला बिघडलेल्या पाकिटांचा आकडा वाढत असेल, तर दोष सापडलाच म्हणून समजा.

उपायही कठीण नाही. ज्या पोर्टावर संगणक आहे तो पोर्ट निवडून ‘स्पीड ऑटो’ आणि ‘डुप्लेक्स ऑटो’ अशा दोन आज्ञा द्याव्यात. संगणकही ‘ऑटो’वर ठेवावा. एखादे जुने यंत्र करार करूच शकत नसेल आणि दोन्ही टोकांना ती सोय असेल, तर दोन्हीकडे तोच वेग आणि तीच रीत हाताने पक्की करावी. एकीकडे हाताने आणि दुसरीकडे आपोआप, असे मात्र करू नये. बदल करताना ती जोडणी काही क्षण तुटते. म्हणून कोणी काम करीत असताना बदल करू नये. नंतर जुने आकडे पुसून एक मोठी फाइल पाठवून पाहावी. आकडे पुन्हा वाढले नाहीत, म्हणजे उपाय लागू पडला. मग ती मांडणी स्विचमध्ये जतन करावी. नाहीतर वीज जाऊन आली की बदल पुसला जातो. शेवटी कोणता पोर्ट, कोणता बदल आणि कोणती तारीख, हे नोंदवहीत लिहून ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शाळेच्या स्विचला आपल्या शिक्षकांच्या परवानगीवाचून हात लावू नका.

तुम्ही विचाराल, ‘ऑटो’ इतके चांगले आहे, तर लोक हाताने वेग पक्का करीत तरी का? त्यालाही कारण आहे. 1995 च्या सुमारास हा करार नवा होता. निरनिराळ्या कंपन्यांनी त्याचे नियम थोडे निरनिराळे समजून घेतले. त्यामुळे कधी कधी दोन उपकरणांचे जमतच नसे. तेव्हा अनुभवी लोक दोन्ही टोके हाताने पक्की करीत आणि ते त्या वेळी योग्यच होते. 1998 च्या मानकात ते नियम अधिक स्पष्ट करण्यात आले. साध्या तारेवरून 1000 मेगाबिटच्या वेगाने जायचे असेल, तर करार करणे सक्तीचेच आहे. कारण तेथे चारही जोड्यांतून एकाच वेळी दोन्ही दिशांना संकेत जातात आणि कोणत्या टोकाने ताल धरायचा, तेही आधी ठरवावे लागते. म्हणून नव्या यंत्रांत हा दोष क्वचितच आढळतो. पण शाळा, दवाखाने, कारखाने येथे जुनी यंत्रे आणि जुन्या मांडण्या अनेक वर्षे टिकून राहतात. तेथे तो आजही भेटू शकतो.

मित्रांनो, या साऱ्या प्रकरणात खोटे कोणीच बोलले नाही. संगणकाने त्याला सांगितलेली उत्तम रीत पाळली. स्विचने नियम पाळला. चुकले ते इतकेच की, दोघांचा निर्णय एकट्याने घेतला गेला आणि तो दुसऱ्याला कळवला नाही. करार दोघांचा असेल, तर तो दोघांनी मिळूनच करावा लागतो. आणि काम अडले की समोर बसलेल्या माणसाला दोष देण्यापूर्वी तारेची दोन्ही टोके तपासावीत.

शब्दार्थ

करार – दोघांनी मिळून मान्य केलेली गोष्ट
रीत – पद्धत
मानक – सर्वांनी पाळावयाचा ठरलेला नमुना
कानोसा घेणे – लक्षपूर्वक ऐकून अंदाज घेणे
इशारा – खूण, संकेत
आळीपाळीने – एकामागून एक, पाळीपाळीने
संशय – शंका
जतन करणे – सांभाळून ठेवणे
ताल धरणे – ठरावीक लय राखणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ईथरनेटची कल्पना कोणी व केव्हा मांडली?
(आ) अनेक पोर्टांचा पहिला ईथरनेट स्विच आणणाऱ्या कंपनीचे नाव काय होते?
(इ) आळीपाळीने बोलण्याच्या रीतीला काय म्हणतात?

2. कारणे लिहा.
(अ) टक्कर झाल्यावर दोन संगणकांनी सारखाच वेळ थांबू नये.
(आ) हाताने पक्के केलेल्या टोकाची रीत स्विचला ओळखता येत नाही.
(इ) बदल केल्यावर मांडणी जतन करावी.

3. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुलाच्या उदाहरणातून लेखकाने काय समजावून दिले आहे?
(आ) वेग न जुळणे आणि रीत न जुळणे यांत कोणता फरक आहे?

4. उदाहरण सोडवा.
एक फाइल 250 मेगाबाइटची आहे. ती 10, 100 आणि 1000 मेगाबिटच्या वेगाने जाण्यास कमीत कमी किती सेकंद लागतील?

5. करार, इशारा, जबाब, खबर, तारीख हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

6. उपक्रम : शिक्षकांच्या मदतीने आपल्या संगणक कक्षातील एका संगणकाचा वेग आणि रीत पाहा व नोंदवहीत लिहा.